गोअन क्रेझी : एकट्याने काढलेली कॅसेट

मराठी भावगीताच्या तबकडीवर तीन नावं असायची. गीत एकाचं, संगीत दुसऱ्याचं, स्वर तिसऱ्याचा. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा शब्द गदिमांचे होते आणि चाली सुधीर फडक्यांच्या. गाणाऱ्यांत स्वतः बाबूजी होते, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडेही होते. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली होती, की कवीने गावं किंवा गायकाने लिहावं असं कुणाच्या मनातही येत नसे. कवीने मैफलीत कविता चालीवर म्हटली तर लोक कौतुक करत, पण ध्वनिमुद्रणाची वेळ आली की गळा दुसऱ्याचा शोधला जाई.

१९८४ साली गोव्याच्या दुकानांत एक कॅसेट आली. तिचं नाव ‘गोअन क्रेझी’. तिच्यावर नाव एकच होतं : रेमो. गाणी त्याने लिहिलेली, चाली त्याच्या, आवाज त्याचा. मागचे साथीचे आवाजही त्याचेच. वाद्यं त्याने वाजवलेली, ध्वनिमुद्रण आणि मिश्रण त्याने केलेलं, वेष्टणाची सजावटसुद्धा त्याचीच. आणि कॅसेट दुकानात पोचवणाराही तोच, आपल्या पिवळ्या स्कूटरवरून. हिशेबनीससुद्धा तोच असणार.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातल्या वाचकांसाठी निघणाऱ्या अंकात गोव्याची चाळीस वर्षांपूर्वीची इंग्रजी कॅसेट कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर ओघाने येईल. तूर्त एवढंच सांगायला हवं, की या विभागातली पुढची पानं स्वतःचं गाणं स्वतः लिहून गाणाऱ्यांबद्दल आहेत, आणि आपल्या बाजूच्या मुलुखात त्या वाटेवरचं सर्वांत स्वच्छ, सगळे टप्पे दिसतील असं उदाहरण शोधायला गेलं तर ते शिवोलीत सापडतं.

शिवोली हे बार्देशातलं गाव, शापोरा नदीच्या काठचं. जूनच्या २४ तारखेला सांजांवच्या सणाला इथे सजवलेल्या होड्या येतात, आणि डिसेंबरात हिंदू व ख्रिस्ती मिळून जागर करतात. रेमो फर्नांडिसचं घर इथलं. रेमोचा जन्म ८ मे १९५३ चा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. एका पिढीने शाळेत पोर्तुगीज शिकायला सुरुवात केली, इंग्रजीत शिक्षण पुरं केलं, घरी कोकणी बोलली आणि बाजारात मराठी ऐकली. त्या पिढीचा हा माणूस आहे. त्याच्या गाण्यांत एका कडव्यात दोन-तीन मुलुख डोकावतात ते यामुळे. त्यात मुद्दाम केलेलं मिश्रण कमी आणि घरचं बोलणं जास्त आहे.

तो शिकला मुंबईत, सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालयात. वास्तुविशारद झाला खरा, पण गिटार सुटली नाही. गोव्यात शाळकरी वयात बँड झाला होता. मुंबईत ‘द सॅव्हेजेस’ या त्या काळच्या नावाजलेल्या बँडबरोबर तो वाजवू लागला. मग १९७७ ते १९८० ही वर्षं त्याने युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घालण्यात घालवली. रस्त्यावर अंगठा दाखवून गाडी थांबवायची, मिळेल त्या शहरात मिळेल त्या बँडबरोबर वाजवायचं. पॅरिसमध्ये अशाच एका बँडबरोबर त्याची एक तबकडीही निघाली. तिशीच्या उंबरठ्यावर तो परत आला तो थेट शिवोलीला. पदवी वास्तुशास्त्राची आणि धंदा गाण्याचा, असा मुलगा बार्देशातल्या कुठल्याही घरात चिंतेचाच विषय ठरला असता.

इथे थोडं मागं जाऊन मुंबईकडे पाहावं लागतं, कारण गोव्याच्या वादकांचं आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रिकांचं नातं जुनं आहे आणि त्या नात्यात एक सल आहे. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा केला तो बऱ्याच अंशी गोवेकरांनी. चर्चच्या शाळांत त्यांना स्वरलिपी वाचायला शिकवलेली असे, म्हणून संगीतकाराने पेटीवर गुणगुणलेली चाल चाळीस वादकांसमोर कागदावर मांडणं त्यांना जमे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा, व्हायोलिनवादक आणि प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस, ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. तबकडीवर यांची नावं क्वचितच असत. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला कळलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका विनोदी गाण्यातून, आणि तो खरा माणूस आहे हे तेव्हाही थोड्यांनाच ठाऊक होतं. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात या वादकांच्या मुंबईतल्या जॅझचा इतिहास सविस्तर आहे.

कोकणी गाणंही मुंबईतच मुद्रित होत होतं. ख्रिस पेरी यांच्या चाली आणि लॉर्ना यांचा आवाज एचएमव्हीच्या तबकड्यांवरून गोव्याच्या घराघरांत गेला. म्हणजे गाणं गोव्याचं असलं तरी तबकडी मुंबईहून येई. ध्वनिमुद्रणाच्या खोलीची किल्ली, छापखाना, वितरण, सगळं कंपनीकडे. काय निघेल आणि काय नाही हे ठरवणारा माणूस गोव्यात राहत नव्हता.

रेमोही आधी त्याच दारांवर गेला. मुंबईच्या कंपन्यांनी नकार दिला.

या नकाराला दुष्टपणा म्हणता येत नाही. कंपन्यांचा हिशेब साधा होता. १९८० च्या ‘कुर्बानी’ने आणि १९८१ च्या नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’ने बाजार कुठे आहे हे दाखवून दिलं होतं : हिंदी शब्द, डिस्कोचा ठेका. भारतीय माणसाने इंग्रजीत स्वतः रचलेली गाणी कोण विकत घेणार? ज्याला इंग्रजी हवं तो सरळ बीटल्स घेईल. मुंबईत इंग्रजी रॉक होतं, पण ते बहुतांशी दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवण्याचं. त्यात चमकलेला एक मराठी मुलगा इथे आठवायलाच हवा. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे. १९७४ साली अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो जूडास झाला होता. तोच नंदू १९७८ साली पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त मराठी रंगमंचावर रॉकचा गळा घेऊन उभा राहिला, आणि जब्बार पटेलांच्या त्या नाटकाने मराठी प्रेक्षकांना एका नव्याच आवाजाची ओळख करून दिली. पण नंदूच्या वाट्याला आलं ते नाटकातलं पात्र. त्याचा स्वतःचा, त्याने लिहिलेल्या गाण्यांचा असा मंच तेव्हा कुणापाशी नव्हता. ती जागाच बांधलेली नव्हती.

रेमोने ती घरात बांधली. वास्तुविशारद होता म्हणून हे वाक्य कोटी वाटेल, पण तसं नाही.

त्याच्याकडे होता चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. हे यंत्र समजून घेतल्याशिवाय ‘गोअन क्रेझी’ समजत नाही, म्हणून दोन परिच्छेद त्याच्यावर. साध्या कॅसेटच्या फितीवर चार समांतर पट्टे असतात, एका बाजूचे दोन आणि उलट्या बाजूचे दोन. नेहमीचा टेपरेकॉर्डर एका वेळी दोन वापरतो. १९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीने बाजारात आणलेल्या पोर्टास्टुडिओने हे चारही पट्टे एकाच दिशेने, वेगवेगळे वापरायची सोय केली. आता एकटा माणूस पहिल्या पट्ट्यावर गिटार मुद्रित करू शकतो, ती ऐकत दुसऱ्यावर ताल, तिसऱ्यावर बासरी. मग हे तीन मिसळून चौथ्यावर उतरवायचे, की पहिले तीन पुन्हा मोकळे. त्यांवर गळा, साथीचा गळा, आणखी एखादं वाद्य.

या सोयीची किंमत असते. दर उतरवणीला फितीचा सरसर आवाज वाढतो, वरचे स्वर बोथट होतात. आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं काढता येत नाही. गिटार मोठी झाली असेल तर झाली. त्यामुळे या यंत्रावर काम करणाऱ्याला गाणं सुरू करण्याआधीच संपूर्ण ऐकू यावं लागतं. स्टुडिओत संगीतकार, संयोजक, वादक, ध्वनिमुद्रक अशा पाच-सहा डोक्यांत वाटलेलं काम एका डोक्यात मावावं लागतं. याच जातीच्या यंत्रावर जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या आपल्या घरी गाणी मुद्रित केली. ती नमुना म्हणून केली होती, पुढे स्टुडिओत बँडबरोबर नीट करायची होती. पण स्टुडिओत ती मेली, आणि शेवटी घरची फीतच ‘नेब्रास्का’ नावाने प्रसिद्ध करावी लागली. स्प्रिंगस्टीनपाशी मात्र कोलंबियासारखी कंपनी होती. शिवोलीत यंत्र होतं, कंपनी नव्हती. हा फरक मोठा आहे, आणि रेमोचं खरं कर्तृत्व त्या फरकात आहे असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. घरी गाणं मुद्रित करणारे जगात पुष्कळ झाले. ते दुकानाच्या फळीपर्यंत नेणारे थोडे.

इथे कॅसेट या वस्तूचेच आभार मानले पाहिजेत. तबकडी छापायला कारखाना लागे. कॅसेटची नक्कल दोन यंत्रं जोडून करता येई. याच गुणामुळे ऐंशीच्या दशकात भारतातल्या संगीताचा बाजार उलटापालटा झाला. गुलशन कुमार यांची टी-सीरीज त्यातूनच वाढली, आणि चोरट्या नकलांचा धंदाही. संगीतअभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातल्या या उलथापालथीचा आलेख काढला आहे. आपल्या भागात हे पुस्तक न वाचताही लोकांना कळलं होतं. कल्याणला राहिलेले प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आणि स्वतः लिहून स्वतः गाणारे वामनदादा कर्डक, यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं वस्त्या-वस्त्यांतून वाजू लागली. रेडिओच्या निवड समितीला विचारायची गरज उरली नव्हती. वामनदादांचं उदाहरण तर मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगं आहे. लेखणी आणि गळा एकाच माणसाचा असणं ही कल्पना शाहिरांच्या महाराष्ट्राला परकी नव्हतीच. ती फक्त मध्यमवर्गीय भावगीताला परकी होती. इंग्रजीतून ‘सिंगर-साँगरायटर’ म्हटलं की आपण डिलनकडे पाहतो, वामनदादांच्या सिन्नरकडे पाहत नाही.

परत शिवोलीला. कॅसेट तयार झाली, वेष्टण झालं. आता विकायची कशी? गोवा हा तेव्हा दीव-दमणसह केंद्रशासित प्रदेश होता आणि त्यातल्या गोव्याची वस्ती १९८१ च्या शिरगणतीनुसार जेमतेम दहा लाख. क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एवढ्या प्रदेशातली शहरं आणि तिथली कॅसेटची दुकानं एका माणसाला स्कूटरवरून फिरता येतात. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को. दुकानात जायचं, माल ठेवायचा, पुढच्या फेरीला काय खपलं ते पाहायचं आणि पैसे घ्यायचे. मुंबईत हे जमलं नसतं, महाराष्ट्रभर तर नाहीच. लहान मुलूख हा एरवी कलावंताचा तोटा समजतात. रेमोच्या बाबतीत तोच फायदा ठरला : दुकानदार ओळखीचा, गिऱ्हाईक ओळखीचं, आणि गाण्यात ज्यांची टिंगल आहे तेही ओळखीचे.

गाणी कशाबद्दल होती हे नावातच आहे. गोव्याचं वेड, आणि गोवेकरांचा वेडेपणा. तोवर इंग्रजीत गाणारा भारतीय तरुण गात असे ते लंडनच्या पावसाबद्दल किंवा कॅलिफोर्नियाच्या उन्हाबद्दल. रेमो आपल्या गावाबद्दल गायला लागला. त्या सुरुवातीच्या काळातलं त्याचं ‘ओड टू ग्रॅहम बेल’ हे गाणं घ्या. दूरध्वनीच्या जनकाला उद्देशून लिहिलेलं, आणि गोव्यातल्या न चालणाऱ्या टेलिफोनांची तक्रार करणारं. तेव्हा टेलिफोन मिळायला वर्षं लागत आणि मिळाल्यावर तो मुका असे. ही व्यथा उल्हासनगरच्या कापड व्यापाऱ्यालाही तेवढीच कळली असती. पण अशा विषयावर रॉक गाणं होऊ शकतं हे आधी कुणी करून दाखवलं नव्हतं. इंग्रजी ही भाषा परकी राहिली, विषय मात्र शेजारच्या गल्लीतला आला, आणि ऐकणाऱ्याला हसू आलं. हसू हा फार मोठा पुरावा असतो. ज्या भाषेत आपल्या घरचा विनोद होतो ती भाषा आपली झाली असं समजावं.

कॅसेट गोव्यात गाजली. वर्तमानपत्रातल्या परीक्षणांआधी ती टॅक्सीत, खानावळीत, लग्नाच्या हॉलात पोचली असणार, कारण तेव्हा अशा मालाची जाहिरात तोंडोतोंडीच होई. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आलं. ही चाल फार हुशारीची होती. पहिल्या कॅसेटने तरुण मिळवले, दुसरीने त्यांचे आईबाप. या कॅसेटमध्ये जुनी पारंपरिक कोकणी गाणी होती, रेमोने नव्या वाद्यमेळात बांधलेली. इंग्रजीत गाणारा, केस वाढवलेला, परदेश हिंडून आलेला मुलगा आजीच्या गाण्यांना हात लावतो आणि ती बिघडवत नाही, हे पाहून जुनी पिढी विरघळली. काळही तसा होता. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्याला नकार दिला होता, आता राजभाषा कोणती यावरून वातावरण तापलं होतं. ४ फेब्रुवारी १९८७ ला कोकणी राजभाषा झाली आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. मराठी वाचकाला या इतिहासात आपली अशी एक बाजू आहे, ती लपवायचं कारण नाही. पण एवढं मान्य करावं लागेल, की ‘आम्ही कोण’ हा प्रश्न ज्या वर्षांत गोव्यात रस्त्यावर आला होता, त्याच वर्षांत त्याचं एक हसरं, गाता येण्याजोगं उत्तर स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचत होतं. कॅसेटच्या यशात तिच्या गुणांइतकाच या मुहूर्ताचा वाटा आहे.

गोव्याबाहेरचे कान आता टवकारले. श्याम बेनेगल १९८५ च्या ‘त्रिकाल’साठी गोव्यात होते. मारियो मिरांडा यांच्या लोटलीच्या घरात त्या चित्रपटाचं चित्रीकरण झालं, आणि वनराज भाटियांच्या संगीताबरोबर रेमोची गाणी आणि स्वतः रेमोही पडद्यावर आले. १९८६ साली पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवात त्याने पारितोषिकं मिळवली. पंकज पराशर यांच्या १९८७ च्या ‘जलवा’चं शीर्षकगीत त्याचं, आणि त्यानंतर मात्र रेमो हे नाव अंबरनाथच्या पानाच्या टपरीवरही कळायला लागलं. १९९५ मध्ये ‘बॉम्बे’च्या हिंदी आवृत्तीतलं ‘हम्मा हम्मा’ आणि १९९८ मध्ये जसपिंदर नरुला यांच्याबरोबरचं ‘प्यार तो होना ही था’, यांवर तर एक पिढी वरातीत नाचली. २००७ साली पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये त्याचं इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झालं.

दरम्यान एक प्रसंग असा घडला, की ज्यावरून त्याच्या गाण्यांकडे सत्तेचे लोक कसे पाहत होते ते कळतं. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता त्यांच्यासमोर रेमोने ‘हॅलो राजीव गांधी’ हे गाणं गायलं. गोव्याचे प्रश्न सरळ पंतप्रधानांना नावाने हाक मारून सांगणारं ते गाणं. स्थानिक पुढाऱ्यांना हा पाहुण्यांचा अपमान वाटला आणि गदारोळ झाला. रेमोने गाण्याचे शब्द आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं दिल्लीला धाडली, आणि खुद्द पंतप्रधानांचं उत्तर आलं की आपल्याला आणि पत्नीला कार्यक्रम आवडला. पुढाऱ्यांची पंचाईत झाली. हा प्रसंग रंगवून सांगण्यासारखा आहे आणि गोव्यात तो रंगवून सांगितलाही जातो. त्यात रेमोचं धाडस आहेच, पण पत्र आलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार केल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही.

आता थोडं कडू. ‘गोअन क्रेझी’ ही काही निर्दोष कलाकृती नाही. एका माणसाने सगळं करण्याचा तोटा असा, की त्याला ‘हे नको’ म्हणणारं कुणी नसतं. चांगल्या संयोजकाने गाळलं असतं असं पुष्कळ रेमोच्या त्या काळच्या गाण्यांत राहून गेलं आहे. पुढच्या ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये, म्हणजे १९८६ साली, अमली पदार्थांच्या विरोधात तो गायला लागला तेव्हा विषय गंभीर होता आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तो खराही होता, पण गाण्यापेक्षा व्याख्यान जास्त झालं. १९८७ च्या ‘बॉम्बे सिटी’त त्याची पकड परत आली. त्याच्या टीकाकारांचा आणखी एक आक्षेप असे, की त्याने रंगवलेला गोवा हा बऱ्याच अंशी ख्रिस्ती, सागरकिनारी, बार्देश-तिसवाडीचा गोवा आहे. फोंड्याच्या देवळांतला, डिचोली-सत्तरीतला, मराठी नाटकं करणारा गोवा त्यात दिसत नाही. आक्षेप बरोबर आहे. पण माणूस आपल्या खिडकीतून दिसतं तेच गातो. डिचोलीच्या खिडकीतून कुणी का गायलं नाही, हा प्रश्न रेमोला विचारण्यापेक्षा डिचोलीला विचारलेला बरा.

मग या कॅसेटला ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणायचं का? १९८४ साली कुणी तसं म्हटलं नसतं. तो शब्द तेव्हा अमेरिकेतल्या महाविद्यालयीन रेडिओ केंद्रांवर आकार घेत होता, आणि ग्रॅमी पुरस्कारांत त्याचा वेगळा गट व्हायला १९९१ उजाडावं लागलं. पुढे मोठ्या कंपन्यांनीच ते लेबल उचललं आणि त्याचा अर्थ एक विशिष्ट गिटारचा आवाज एवढाच उरला. मूळ अर्थ निराळा होता. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्सने उसने पैसे घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ स्वतःच छापली. पहिली खेप हजार प्रतींची होती. तेव्हा पर्याय होता तो कंपनीला, तिच्या परवानगीला. या मापाने पाहिलं तर ‘गोअन क्रेझी’ भारतातल्या पहिल्या खऱ्या पर्यायी ध्वनिफितींपैकी एक ठरते. तिचा सूर फारसा बंडखोर नव्हता. पण लिहिण्यापासून गल्ल्यापर्यंतची साखळी एका हातात होती.

मराठीत ही साखळी इतकी एकहाती क्वचितच झाली. पुढे सौमित्रच्या कविता आणि मिलिंद इंगळे यांचं गाणं ‘गारवा’त एकत्र आलं, संदीप खरे यांनी आपल्याच कविता गायला घेतल्या आणि सलील कुलकर्णींबरोबरच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ने नाट्यगृहं भरली. कवी स्वतः मंचावर बसून गातो हे मराठी प्रेक्षकाने आनंदाने स्वीकारलं. त्यामुळे ‘आपल्याकडे हे चालत नाही’ ही सबब तर कधीच निकालात निघाली आहे.

आणि आता सुरुवातीला पुढे ढकललेला प्रश्न. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखाचं, शिलाहारांच्या काळचं. वालधुनीच्या काठी, गाभारा सभामंडपापेक्षा खाली, बाहेरच्या भिंतीवर एक इंच मोकळा न सोडलेला. त्याच्या परिसरात आता कला महोत्सव भरतो, मोठा मंच उभा राहतो, नावाजलेले गायक येतात आणि गर्दी होते. चांगलंच आहे. पण या पट्ट्यातलं रोजचं संगीत त्या मंचावर नसतं. ते बदलापूर-कर्जतच्या लोकलच्या डब्यात टाळ वाजवत दादरला जातं, उल्हासनगरच्या दरबारांत सिंधी भजनं म्हणतं, आणि अलीकडे बदलापूर पूर्वेच्या नव्या इमारतींत कुणाच्या तरी दहा बाय दहाच्या खोलीत मोबाइलवर मुद्रित होतं. शिवोलीतल्या चार पट्ट्यांच्या जागी त्या फोनमध्ये पट्टे हवे तितके आहेत, आणि स्कूटरही लागत नाही. अडचण निराळीच आहे. माल जगभर एका क्षणात जातो, पण शेजारच्या दुकानात पोचत नाही. रेमोला दहा लाखांचा मुलूख होता आणि तो मुलूख त्याला ओळखत होता. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून वस्ती आज त्याहून कमी नाही. पण या भागाबद्दलचं, इथल्या नावांनिशी, इथल्या पाणीकपातीचं आणि सात बावन्नच्या गाडीचं गाणं इथल्या कुणाला पाठ आहे?

पुढच्या पानांवर अशा काही गाणाऱ्यांची ओळख आहे. ती वाचण्याआधी ‘गोअन क्रेझी’ मिळवून ऐका, लगेच पाठोपाठ ‘ओल्ड गोअन गोल्ड’ ऐका, क्रम उलटा करू नका. आणि महोत्सवाच्या आयोजकांना एक विनंती : पुढच्या वर्षी मुख्य पाहुण्याच्या आधीचा अर्धा तास या तीन शहरांतल्या कुणाला तरी द्या, अट एकच ठेवा, की गाणी त्याची किंवा तिची स्वतःची हवीत.